कंपाउंड घालायचं ठरवलंय? आधी हद्द बघा, मग पाणी, मग चिरे

गोव्यातल्या आमच्या घरामागचं कंपाउंड पडलं ते जुलैतल्या एका रात्री. सकाळी जाऊन बघतो तर चाळीस फुटांची भिंत शेजाऱ्यांच्या पोफळींत आडवी. जांभ्याचे चिरे सुटले नव्हते, सांधे जिथल्या तिथे होते. चौकटीतून काढलेलं दार जमिनीवर ठेवावं तशी अख्खी भिंत एका तुकड्यात पालथी पडली होती. तीन पोफळी मोडल्या, माणूस कोणी खाली नव्हतं हे नशीब. मेस्त, म्हणजे गवंडी, आला, वाकून भिंतीचा खालचा भाग बघितला आणि बोटाने एक गोल डाग दाखवला. तिथे पाणी जायला ठेवलेलं भोक होतं. दोन वर्षांपूर्वी रंगकाम करताना ते गिलाव्याने बुजवलं गेलं होतं. तेच नव्हे, रांगेतली सगळीच.

भिंत पुन्हा उभी करायची म्हणून मोजणी मागवली, तेव्हा आणखी एक गोष्ट उघडी पडली. जुन्या गडग्याच्या (रचलेल्या दगडांच्या कुंपणाच्या) रेषेवर आम्ही भिंत बांधली होती, पण ती रेषा आणि सर्व्हे नकाशातली रेषा यांत एका टोकाला दीड हाताचा फरक होता. आमच्या भिंतीचा एक कोपरा इतकी वर्षं शेजाऱ्यांच्या जागेत उभा होता. त्यांनी भांडण केलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. सगळीकडे तसं होत नाही.

पर्वरीच्या पठारावर, कुर्टीत, ताळगावात नवा प्लॉट घेतलेले ओळखीचे लोक आता मला विचारतात, रनिंग मीटरला, म्हणजे भिंतीच्या लांबीच्या मीटरला, काय दर पडतो? दराचा प्रश्न चुकीचा नाही, पण तो सगळ्यात शेवटचा आहे. गोव्यात कुंपण फसतं ते बहुतेक दोन कारणांनी. रेषा चुकलेली असते, नाहीतर पाण्याचा विचार केलेला नसतो. म्हणून हा लेखही त्याच क्रमाने जातो.

रेषा कुठे आहे?

तुमच्या हातात साधारण तीन कागद असतात: खरेदीखत, फॉर्म १ व १४ म्हणजे आपण ज्याला वन-फोर्टीन म्हणतो तो उतारा, आणि सर्व्हे नकाशा. शहरातल्या सिटी सर्व्हेच्या जागेला वन-फोर्टीनऐवजी फॉर्म डी असतो. तिन्ही कागद वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

खरेदीखत सांगतं की तुम्ही काय विकत घेतलं. त्यात चतुःसीमा असतात: पूर्वेला अमक्याची मालमत्ता, उत्तरेला व्हाळ (ओढा), पश्चिमेला रस्ता. पोर्तुगीज काळातल्या जुन्या दस्तांत तर बऱ्याचदा एवढंच असतं. व्हाळ सरकतो, मालमत्तेचे मालक बदलतात. वन-फोर्टीन सांगतो की महसुलाच्या दप्तरी ताबा कुणाच्या नावावर आहे, क्षेत्र किती, कुळाचं नाव लागलंय का, इतर हक्क काय आहेत. आणि नकाशा सांगतो आकार.

वन-फोर्टीनवर आणखी एक रकाना असतो. लोक तिकडे बघतही नाहीत, पण कुंपण घालणाऱ्याने तो वाचायलाच हवा. जमिनीचा प्रकार त्यात लिहिलेला असतो: खाजन, खेर, मरड, बागायत वगैरे. खाजन म्हणजे खाडीलगतची बांध घालून राखलेली खारी जमीन, खेर म्हणजे रेताड भातजमीन, मरड म्हणजे वरची, उताराची. पाया किती खोल न्यावा लागेल आणि मुळात तिथे भिंत घालता येईल का, याचा पहिला सुगावा या एका शब्दात असतो.

आता नकाशा. गावच्या सर्व्हेचे नकाशे बहुतेक १:१००० प्रमाणात असतात. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर हा जमिनीवरचा एक मीटर. नकाशावरची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली, तर जमिनीवर ती अर्धा मीटर रुंद झाली. पंचवीस मीटर लांबीच्या एका बाजूला हा फरक साडेबारा चौरस मीटरचा होतो, एका खोलीएवढा. झेरॉक्सवर पट्टी ठेवून हद्द काढणारे लोक मी बघितले आहेत. झेरॉक्स मशीन कागद किंचित लहानमोठा करते, त्यामुळे ती चूक आणखी वाढते. नकाशाची पट्टीने मोजणी करून भिंत बांधू नका, एवढं तरी मनावर घ्या.

हद्द जमिनीवर आणायचं काम भूमापन खात्याचं. भूसर्वेक्षण आणि भूमी अभिलेख खात्याच्या तालुका कार्यालयात डिमार्केशनचा, म्हणजे हद्द आखून घेण्याचा, अर्ज करायचा, त्याला वन-फोर्टीन आणि नकाशा जोडायचा, फी भरायची. मग लगतच्या धारकांना नोटीस जाते आणि ठरलेल्या दिवशी सर्व्हेअर येतो.

आमच्याकडे सर्व्हेअर आला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. त्याने आल्याआल्या आमच्या प्लॉटकडे बघितलंच नाही. दीडशे मीटरवरच्या एका जुन्या घराचा कोपरा आणि पलीकडचा सर्व्हेचा दगड त्याने आधी शोधला. नकाशात आणि जमिनीवर दोन्हीकडे आहेत असे पक्के बिंदू सापडले, की त्यांच्यावरून बाकीचं मोजता येतं. तिपाईवरच्या यंत्रातून तो आकडे सांगत होता, मदतनीस काठी घेऊन करवंदीच्या जाळीत शिरत होता. शेवटी एक खुंटी आमच्या जुन्या भिंतीच्या बाहेर पडली आणि दुसरी आत. सगळे गप्प झाले. त्या वेळी शेजारी समोर उभे होते, खुंटी कशी आली ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं, म्हणूनच वाद झाला नाही. डिमार्केशनच्या दिवशी शेजारी हजर असणं हे नोटिशीपुरतं नसतं.

खुंट्या पडल्या की त्याच दिवशी त्यांच्याजागी काँक्रीटमध्ये दगड बसवा आणि ओळखीची वस्तू शेजारी ठेवून प्रत्येकाचा फोटो काढा. हद्दीच्या खुणा सांभाळणं ही जमीनमालकाचीच जबाबदारी आहे, आणि पाया खणणारा जेसीबी पहिली उडवतो ती खुंटीच.

प्लॉट मोठ्या सर्व्हे नंबरातला तुकडा असेल तर आणखी एक पायरी आहे. खरेदी झाली, म्युटेशन (फेरफार) होऊन वन-फोर्टीनवर तुमचं नाव चढलं, तरी नकाशात तुमचा तुकडा वेगळा दिसतोच असं नाही. दहा नावांच्या यादीत तुमचं अकरावं नाव असतं, एवढंच. जी रेषा नकाशात नाही ती सर्व्हेअर जमिनीवर कशी दाखवणार? त्यासाठी महसूल संहितेच्या कलम ६१ खाली पार्टिशन करून स्वतंत्र सबडिव्हिजन नंबर घ्यावा लागतो. याला वेळ लागतो. मंजूर लेआउटमधला प्लॉट असेल तर मंजूर आराखड्याची प्रत तरी हाताशी असू द्या.

शेजाऱ्याशी काही ठरवून लिहून घ्यायचं असेल, जसं की भिंत सामाईक, खर्च निम्मानिम्मा, तर सही कोणाची हवी ते नीट बघा. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे नवराबायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक असते. एकट्या नवऱ्याची सही अर्धीच. घर भावाभावांचं असेल तर एक फोंड्यात, एक मुंबईत, एक लिस्बनला. गणेश चतुर्थीला सगळे गावच्या घरी जमतात तेव्हा हा विषय काढावा, फोनवर काढू नये.

भिंत रेषेवर म्हणजे नक्की कुठे

हे कोणी सांगत नाही आणि इथेच हटकून चूक होते. चिऱ्याची भिंत वर नऊ इंच रुंद असते, म्हणजे तेवीस सेंटिमीटर. पण खाली पाया साठ सेंटिमीटर रुंद असू शकतो. भिंतीची बाहेरची बाजू तुम्ही बरोबर हद्दीच्या दोरीवर धरलीत आणि पाया भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखा ठेवलात, तर पायाचे अठरा-एकोणीस सेंटिमीटर शेजाऱ्याच्या जमिनीखाली गेले. आज मातीखाली दिसत नाही. उद्या त्याने आपला पाया खणला की दिसतो.

उपाय तीन. भिंत तेवढी आत घ्यायची. किंवा पाया एका बाजूला सरकवून करायचा, पण मग भिंतीचं वजन पायाच्या मध्यावर येत नाही, म्हणून तो इंजिनिअरकडून काढून घ्यावा लागतो. किंवा दोघांनी मिळून रेषेच्या मधोमध एकच भिंत बांधायची. तिसरा मार्ग सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात आवडणारा. दोन समांतर भिंती आणि त्यांच्यामध्ये न पोचणारा हात, न निघणारा कचरा, डासांचं पाणी, हे दृश्य नव्या वसाहतींत पदोपदी दिसतं.

भिंत स्वतःची असेल तर वरच्या कोपिंगचा, म्हणजे माथ्यावरच्या थराचा, उतार आपल्याच बाजूला ठेवा. आपल्या भिंतीवरचं पाणी दुसऱ्याच्या अंगणात पडू नये.

कागदावर न दिसणारी वाट

गावात प्लॉट घेतलात आणि मधून पायवाट जाते आहे, तर घाई करू नका. ती वाट नकाशात नसेल, खरेदीखतात नसेल, तरी मागच्या वाड्यावरची माणसं पिढ्यानपिढ्या तिथून विहिरीला, देवळाला, शेताला जात असतील. अशी वहिवाटीची वाट अडवली की प्रकरण मामलेदाराकडे जातं. मामलेदार कोर्टाचा १९६६ चा कायदा अशाच अडवलेल्या वाटा आणि अडवलेलं पाणी मोकळं करण्यासाठी आहे. भिंत पाडायचा आदेश येतो तेव्हा बांधण्याचा खर्चही गेलेला असतो आणि गावही दुखावलेला असतो. वाट ठेवून कुंपण घाला, हवी तर कडेला सरकवण्याबद्दल बोला. बोलून वाटा सरकतात.

दुसरी गोष्ट मुंडकारांची. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण दिलं आहे. घर आणि त्याभोवतीची जागा, पंचायत क्षेत्रात ३०० आणि पालिका क्षेत्रात २०० चौरस मीटर, विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. तुमच्या प्लॉटच्या कडेला असं जुनं घर असेल, तर त्याच्या भिंतीला खेटून दोरी मारण्याआधी त्या जागेचं काय ठरलंय याची मामलेदार कचेरीत चौकशी करा. बाहेरगावच्या माणसाला ते घर अतिक्रमण वाटतं. ते तसं नसतं.

लगतची जमीन कोमुनिदादची (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची) किंवा देवस्थानची असेल तर शेजारी कोणी एक माणूस नाही, संस्था आहे. तिथे तोंडी संमतीला काही अर्थ नाही.

परवानगी

कंपाउंडला परवाना लागतो, चिऱ्याच्या चार थरांनाही. गावात पंचायतीकडून, १९९४ च्या पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खाली, शहरात पालिकेकडून. त्याआधी नगरनियोजन खात्याची, किंवा तुमचा भाग पीडीएत (नियोजन व विकास प्राधिकरणात) असेल तर पीडीएची, तांत्रिक मंजुरी. उंची, रस्त्याकडची बाजू, भरीव भाग किती आणि वर जाळीचा मोकळा भाग किती, हे सगळं २०१० च्या बांधकाम नियमावलीत बांधलेलं आहे. रस्त्याकडची आणि बाजूची भिंत यांना वेगळे नियम आहेत. कोपऱ्याचा प्लॉट असेल तर वळणावर गाडीवाल्याला पलीकडचं दिसायला हवं म्हणून आणखी बंधनं येतात. मंजूर नकाशावर जी उंची लिहिलेली येईल तीच बांधा.

रस्त्याकडची भिंत सध्याच्या डांबराच्या कडेवरून मोजत नाहीत. रस्त्याची नियोजित रुंदी बघतात आणि रस्त्याच्या मध्यापासून अंतर धरतात. आज चार मीटरचा असलेला रस्ता आराखड्यात आठ किंवा दहा मीटरचा असू शकतो. म्हणून डिझाइन करण्याआधी हा आकडा विचारून घ्या, नाहीतर गेट आणि त्यावरची महाग जाळी आत सरकवावी लागते.

नदीकाठ, खाडी, समुद्र जवळ असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा, प्रश्न आहेच आणि तो पंचायत सोडवू शकत नाही, किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावं लागतं. खाजन जमिनीत तर भिंतीचा विचारच सोडा. बांध आणि मानस (बांधातलं पाण्याचं दार) यांच्यावर चालणारी ती व्यवस्था पाणी आत-बाहेर फिरवण्यावर जगते, मध्ये एक भिंत आली की वरच्याचं शेत बुडतं.

हद्दीवर झाड असेल तर तोडायला १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते. बहुतेक वेळा तोडायची गरजच नसते. झाडाच्या दोन्ही अंगांना पाया थांबवून मधला भाग जमिनीच्या वर बीमवर न्यायचा, मुळं खाली राहतात. किंवा तेवढ्या टप्प्यात फक्त जाळी.

पाण्याचा जोर

आता आमची भिंत का पडली ते समजून घेऊ. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. प्लॉट उतारावर असेल तर वरून येणारं सगळं पाणी तुमच्या खालच्या भिंतीशी येऊन थांबतं. भिंतीच्या आत मातीचा भराव असेल तर तो भिजून जड होतो आणि त्यात पाणी साचतं.

साचलेलं पाणी भिंतीला ढकलतं. किती? भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीला, पाणी एक मीटर उंच साचलं तर ५०० किलो. दीड मीटर साचलं तर ७५० होईल असं वाटतं, पण होतात ११२५. दोन मीटरला २००० किलो. उंची दुप्पट झाली की जोर चौपट होतो, कारण पाणी जसं खोल तसा त्याचा दाबही वाढतो आणि दाब घेणारी भिंतही वाढते. आमची चाळीस फुटांची, म्हणजे बारा मीटरची भिंत. आत दीड मीटरचा भराव. पाणी काठोकाठ धरलं तर साडेतेरा टन नुसत्या पाण्याचे, मातीचा जोर वेगळा.

याच्याविरुद्ध भिंतीकडे काय असतं? स्वतःचं वजन. दीड मीटर उंच, नऊ इंच रुंद चिऱ्याच्या भिंतीचं वजन मीटरला सुमारे साडेसातशे किलो. ते तिला खाली धरून ठेवतं, पण भिंत इतकी अरुंद की उलटायला जागा लागत नाही. उलटवणारा जोर आणि सावरणारा जोर यांचा हिशेब मांडला तर उलटवणारा सहापटीहून जास्त भरतो. म्हणून ती फुटली नाही, तडकली नाही, एका तुकड्यात पालथी पडली.

यावरून एक भेद पक्का लक्षात ठेवायचा. कंपाउंड वॉल वेगळी आणि रिटेनिंग वॉल वेगळी. दोन्ही बाजूंना जमीन सारखी असेल तर कंपाउंड. एका बाजूला माती उंच असेल, अगदी दोन-तीन फूट जरी, तर ती भिंत माती पेलते आहे आणि तिचं गणित पूर्ण बदलतं: खाली रुंद आणि वर निमुळती, नाहीतर आरसीसीची, इंजिनिअरने काढलेली. गोव्यात पडणाऱ्या भिंतींची गोष्ट बहुतेक एकच असते. आधी साधं कंपाउंड बांधलं, नंतर अंगण सपाट करायला आतून ट्रकभर माती टाकली. भिंत तीच राहिली, तिचं काम बदललं आणि तिला कोणी विचारलं नाही.

पाण्याला वाट द्यायची म्हणजे भिंतीच्या तळाशी, बाहेरच्या जमिनीच्या किंचित वर, दर दीड-दोन मीटरवर तीन-चार इंचांचा पाइप, बाहेर उतरता. आतल्या तोंडाशी फूटभर तरी खडीचा थर, नाहीतर पहिल्याच पावसात मातीने तोंड बंद होतं. गिलावा करताना, रंग देताना, टाइल लावताना ही भोकं उघडी आहेत ना, हे स्वतः उभं राहून बघा. रंगाऱ्याला ते छिद्र म्हणजे राहिलेलं काम वाटतं.

आणि पाणी बाहेर सोडलं तर जाणार कुठे? खालच्या शेजाऱ्याच्या अंगणात एकवटून सोडता येत नाही. जमिनीवरून पसरून वाहणारं पाणी आणि एका पाइपातून येणारी धार यांत फार फरक आहे. भिंतीच्या आतून उथळ चर काढून रस्त्याच्या गटाराकडे न्यावं. वरच्या बाजूला मात्र उलट काळजी: वरून येणारा जुना ओहोळ भिंतीने अडवू नका, त्याला जाळी बसवलेलं भरपूर मोठं तोंड ठेवा. गेटसमोरच्या गटारावर एकसंध स्लॅब ओतू नका. उचलता येतील अशा तुकड्यांनी झाका, म्हणजे मे महिन्यात साफ करता येतं.

वाऱ्याचाही विचार हवा. आपल्या भागासाठी इमारतींच्या गणितात धरला जाणारा वारा सेकंदाला ३९ मीटर आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ९० किलो येतो. लांबच लांब, आधाराविना उभी नऊ इंची भिंत एवढ्यानेही डळमळू शकते. म्हणून दर अडीच-तीन मीटरवर खांब आणि खालून-वरून बीम. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात गोव्यात किती झाडं उन्मळली ते आपण पाहिलंय. उंच पत्र्याचं कुंपण घालणाऱ्यांनी ते दिवस आठवावेत, पत्रा वाऱ्याला शिडासारखा अडतो आणि जाळीतून तो आरपार जातो.

कशाचं कुंपण?

माझं मत सरळ आहे. रस्त्याच्या बाजूला कमी उंचीचा चिरा आणि वर जाळी, मागेपुढे जिथे गरज नाही तिथे हिरवी वंय, म्हणजे झाडाझुडपांचं कुंपण. पूर्ण प्लॉटला सहा फुटी भरीव तटबंदी घातलेलं घर मला बंदिस्त वाटतं, वाराही अडतो.

चिरा म्हणजे जांभा. या दगडाला लॅटेराइट हे नाव १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन यांनी केरळातल्या अंगाडिपुरमचा दगड बघून दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. नाव नेमकं आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कापता येतो, आणि हवा लागली की घट्ट होत जातो. म्हणून कालच कापलेला ओला चिरा आज लावू नये. दोन-तीन महिने उघड्यावर राहिलेला घ्यावा. ट्रक उतरवून घेताना चिरा हातोडीने वाजवून बघा. खणखणीत आवाज चांगला, भद्द आवाज आला किंवा पोटात पिवळ्या-पांढऱ्या मातीचे खिसे दिसले तर बाजूला काढा. ती माती पावसात धुऊन जाते आणि भिंतीत पोकळी राहते.

प्रीकास्ट खांब आणि फळ्यांचं कुंपण दोन दिवसांत उभं राहतं आणि मऊ जमिनीवर हलकं म्हणून चालतं. त्याच्यामागे माती भरायची नाही, एवढीच अट, आणि तीच पाळली जात नाही.

समुद्रापासून जवळ राहत असाल तर लोखंडाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. साखळी जाळी घेताना जस्ताचा थर जाड आहे का ते विचारा. बाजारात एकाच जाडीच्या तारेवर पातळ आणि जाड असे दोन्ही थर मिळतात आणि डोळ्यांना सारखेच दिसतात. जाळी आधी गंजते ती कापलेल्या टोकांशी आणि वेल्डिंगच्या जागी, तिथे जस्ताचा रंग मारून घ्या. काँक्रीटच्या खांबातली सळई बाहेरून निदान चाळीस मिलिमीटर आत हवी. खारी हवा आत पोचली की सळई गंजते, गंज फुगतो आणि खांब उभा चिरतो. किनाऱ्यावरची रेती काँक्रीटला कधीच नको, तिच्यातलं मीठ हेच काम आतून करतं.

हिरव्या कुंपणाला मे अखेर ते जून सुरुवात हाच मुहूर्त. गिरिपुष्पाचे मनगटाएवढे जाड दांडे पहिल्या पावसात रोवले की फुटतात आणि पाल्याचं खत होतं. अडुळसा आणि मोगली एरंड यांना गुरं तोंड लावत नाहीत, मोकाट गुरांचा त्रास असेल तिथे हेच. शेर सहज लागतो, पण त्याचा चीक डोळ्यांत गेला तर भयंकर त्रास होतो. लहान मुलं असलेल्या घरी मी लावणार नाही. वंय दोन पावसाळ्यांत दाट होते. तोवर तिच्या आत साध्या तारा ओढून ठेवाव्यात.

हिशेब आणि दिवस

५०० चौरस मीटरचा, वीस बाय पंचवीसचा प्लॉट घेऊ. परीघ ९० मीटर. गेटचे चार मीटर वजा, राहिले ८६. भिंत जमिनीवर सरासरी १.२ मीटर धरली तर १०३ चौरस मीटर. चिरा चौदा इंच लांब, सात इंच उंच असेल तर सांध्यांसकट चौरस मीटरला चौदा-साडेचौदा लागतात. म्हणजे पंधराशेच्या आसपास, मोडतोड धरून साडेपंधराशे. पायाचे वेगळे. खाणीखाणीनुसार चिऱ्याचं माप बदलतं, तेव्हा पहिल्या ट्रकातले दहा चिरे मोजूनच पुढची ऑर्डर द्या. कंत्राट रनिंग मीटरवर देत असाल तर त्यात पायाची खोली, खांबांतलं अंतर, सळईची जाडी आणि पाण्याचे पाइप लिहून घ्या. हे चार आकडे नसलेला दर दुसऱ्या दराशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

गेटचं एकच सांगतो. ते आत उघडतं, आणि आतली जमीन चढाची असेल तर अर्ध्यावर टेकतं. आधी फळी धरून फिरवून बघा, किंवा सरकतं गेट घ्या.

काम केव्हा करायचं हे मिरगापासून मागे मोजत या. जूनमध्ये पाऊस येणार, तर भिंतीला मेच्या मध्यापर्यंत पाणी मारून झालेलं हवं. बांधकाम डिसेंबर ते मार्च, जमीन कोरडी असते आणि पाया खणताना कडा ढासळत नाहीत. परवान्याला काही महिने जातात. म्हणजे मोजणीचा अर्ज चतुर्थी झाल्या झाल्या द्यायचा, ऑक्टोबरात रान काढून सर्व्हेअरला वाट करून ठेवायची. आणि शेजाऱ्यांशी बोलणं चतुर्थीतच.

आमची नवी भिंत फेब्रुवारीत बांधली, खुंट्यांच्या आतून, खाली रुंद आणि वर निमुळती, तळाशी सात पाइप. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस लागला तेव्हा मी छत्री घेऊन मागे गेलो. दोन पाइपांतून गढूळ पाणी आलं, मग चार, मग सहा. सातवा कोरडाच होता. दुसऱ्या दिवशी आतून खणलं तर खडीऐवजी मातीच भरलेली निघाली. मेस्ताला बोलावून ती काढली, खडी घातली आणि पुढच्या सरीला तोही वाहू लागला.